पुन्हा आवाज

दवाखान्यात पोस्टमन दाढ धरून बसला होता. शेजारच्या बाकावर नणंद-भावजय बोलत होत्या.

“वहिनी, दादाचा कॉम्प्युटर बोलायला लागला?”

“लागला म्हणजे काय! घशाच्या ऑपरेशननंतर तोच तर यांचा आवाज. हे टाइप करणार, तो बोलणार. आतला साउंड जळला आणि घरच मुकं झालं गं.”

“दुकानात नेलास?”

“ते म्हणाले, आठवडा लागेल. म्हटलं, द्या ते नवं साउंड कार्ड, मीच बसवते.”

“अगंबाई! बसलं?”

“बसलं, पण कॉम्प्युटर ओळखच देईना. नवीन काय जोडलंय ते शोध म्हटलं, तेव्हा कुठे सापडलं. तरी आवाज नाही! बघते तर तो अजून जळक्यालाच धरून बसलेला. त्याला बंद केलं, नव्याला चालवणारा प्रोग्राम घातला, कॉम्प्युटर पुन्हा सुरू केला.”

“आणि दादा पहिलं काय बोलला?”

“‘किती वेळ लावलास!’”

“एवढं करून हे ऐकलंस?”

“मी तर नाचलेच! म्हटलं, बोला, अजून बोला.”

आतून पोस्टमनचा नंबर पुकारला. तो उठलाच नाही.

“मग?”

“मग काय, तासभर कडाकडा भांडलो. हरले मी. पण काय झकास हरले!”