खालाच्या दारातली पिशवी

जकात कशी वाटाची हे मले नका शिकवू बे, मी तोंडावर आपटून शिकलो. यंदा रमजानात मूर्तिजापुरात आमच्या मोहल्ल्याची जकात, म्हंजे गरिबायच्या हक्काचं दान, मीच दारोदार फिरून गोळा केली, अन् गरिबायसाठी किराण्याच्या पिशव्या भरल्या. कोनाले देल्लं हे कोनाले कळू नये, हा आमचा कायदा.

शिवणकाम करनारी शकीला खाला मोठी मानी बाई. हातात देल्लं असतं तर तोंडावर फेकून मारलं असतं. म्हनून ती आत मशीन चालवत असताना पिशवी गुपचूप दारात ठेवली अन् पळालो.

इफ्तारीले घरी आलो, तर तीच पिशवी आमच्या उंबरठ्यावर! गाठ माह्याच हातची, अन् तिले खालाच्या मशीनीचा धागा चिकटलेला.

तसाच खालाकडे गेलो. "खाला, पिशवी आमच्या दारात तुमी ठेवली?"

"हळू बोल बापा," ती म्हने, "घेनाऱ्याची इज्जत जपा लागते. माह्या दारात कोनतरी ठेवून गेलं, पन मले कायची गरज? महिनाभर तुले पाहून राहिली ना मी, फाटका झोला घेऊन घरोघरी मागत फिरतं."

"खाला, ते मी दुसऱ्यायसाठी मागतो!"

"सारे असंच म्हनतात, बेटा," तिनं पाठीवर हात फिरवला. "उद्या माप देऊन जाय. ईदचा कुर्ताही शिवून देते."