सलीमच्या म्हशीचा माहितीपट

चहा येईतोवर ऐका. आमच्या अंथुर्ण्याचा सलीम एकदा जिद्दीला पेटला. टीव्हीवर सिंह नुसता लोळत पडलेला दाखवतात आणि मागून कुणीतरी गंभीरपणे कुजबुजत असतं ना, त्याची त्याला नक्कल करायची होती. सिंहाच्या जागी त्याच्या अम्मीची म्हैस. मोबाइल मी धरला.

सलीम गोठ्यात दबकून बसला आणि कुजबुजला, "ही मादी... आता... कान हलवेल."

म्हैस ढिम्म. मी वैतागून म्हटलं, "ऊन चढलं, चल घरी."

"न्हाय! कान हलल्याबिगर हितनं उठायचं न्हाय."

दुपारी एकदाचा कान हलला. सलीमनं व्हिडिओ तालुक्याच्या ग्रुपवर टाकला. आपल्याकडं म्हशीचा व्हिडिओ टाकतात तो विकायलाच, हे दोघांच्याही डोक्यात आलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी सलीमकडं गेलो, तर वालचंदनगरचे एक तात्या टेम्पो घेऊन हजर. सलीमला गोठ्यात ओढून कुजबुजले, "चल, घरच्यांना कळायच्या आत चढवू."

"काय चढवू?"

"म्हस! व्हिडिओत तू इतकं हळू बोलतुयास, तवाच वळखलं. चोरून विकतुयास."

म्हशीच्या पलीकडं धार काढत बसलेल्या अम्मी सावकाश उठून उभ्या राहिल्या. हातात दावं.

मी मोबाइल काढून सलीमवर रोखला आणि कुजबुजलो, "हा नर... आता... पळेल."

या खेपेला अजिबात वाट बघावी लागली नाही.