आठ पायांचा बदली गडी

…आणि वर साहेब म्हणतो काय, "जुन्याला आठ पाय, ह्यालाही आठ पाय, मग लाव की!" अहो, पाय जुळले म्हणजे झालं? खाटेला चार पाय आणि म्हशीलाही चार, म्हणून कोणी म्हशीवर गादी अंथरतं का? पण साहेबाला हे सांगणार कोण? सून म्हणाली, "बरं."

तुम्हाला सांगते, ही सून तान्ह्या बाळांचं वजन करायचे काटे बनवते. म्हणजे डोकं तिचं. हाताने जोडतात त्या सहा बायका, ओळीने बसून, सोल्डरच्या धुरात डोळे बारीक करून. त्या काट्याच्या पोटात आठ पायांचा एक काळा किडा असतो, म्हणजे चिप हो, ऑप-अँप म्हणतात त्याला. बाळ ठेवलं की वजन तारेतून नुसतं कुजबुजतं, आणि हा किडा ती कुजबूज मोठ्याने सांगतो. एवढंच काम. आठ वर्षं बिचाऱ्याने मुकाट्याने केलं… आणि एक दिवस पत्र आलं, आता हा किडा बनणं बंद! महिनाअखेरपर्यंत बदली सापडला नाही तर काटा बंद, सहाही जणी घरी, आणि त्यांना आत्ताच काही बोलू नकोस. साहेबाने हे सगळं चहा ढवळत सांगितलं. सून म्हणाली, "बरं."

मग बदली किड्यांच्या माहितीचे कागद सुरू झाले. नखाएवढा जीव, आणि एकेकाचे तीस-तीस कागद! जेवताना कागद, दात घासताना कागद. सासू म्हणाली, "अगं, जावई शोधताना आम्ही एवढी चौकशी केली नव्हती, आणि बघ काय पदरात पडलं!" हसली? छे! भिंतीकडे बघावं तसं सासूकडे बघितलं आणि पान उलटलं.

दुकानदार तर काय, तोंडात साखर. "मॅडम, हा घ्या, जुन्यापेक्षा वीसपट चपळ!" घेतला. आता चपळ म्हणजे किती चपळ असावं? काट्यावर काही ठेवलेलं नाही तरी आकडे हुडहुडी भरल्यासारखे थरथरतायत! दुसऱ्याची कुजबूज सांगायचं सोडून हा स्वतःच किंचाळत बसला. दुकानदार म्हणतो, "मॅडम, चांगला माल सोसत नाही बघा तुमच्या काट्याला." सून म्हणाली, "बरं."

दुसरा मात्र शांत, गुणी. काटा घरी आणला, ओट्यावर ठेवला, वर साखरेची किलोची पिशवी. सकाळी बरोबर किलो. मग शेगड्या पेटल्या, खोली तापली, आणि दुपारपर्यंत तीच साखर चाळीस ग्रॅमने जास्त भरली! सासू म्हणाली, "बसून राहिलं की असंच होतं बाई, माझंच बघ ना." ह्यावर तरी माणसाने हसावं! तिने वहीत एक रेघ मारली. म्हणाली, "आई, बाळाला दूध पुरतंय का, हे नर्स वीस ग्रॅमवरून ओळखते. ह्या काट्यावर उपाशी पोरसुद्धा बाळसं धरेल." आठवड्याभरात तेवढंच बोलली.

तिसरा गेला, चौथा गेला… सातव्याचं तर पाठीवर छापलेलं नावच खोटं! ओल्या बोळ्याने पुसलं तर खालून भलताच कोणी निघाला. दुकानदार म्हणाला, "अगंबाई!" आता पुरुषासारखा पुरुष, आणि अगंबाई! सून म्हणाली, "बरं."

अकरावा कोणीच सुचवला नव्हता. ना चपळ, ना नावाजलेला. यादीच्या तळाशी गप पडून होता. सकाळी किलो. दुपारी किलो. ओटा तापून भाजायला लागला, तरी किलो! सुनेने पिशवी उचलली, ठेवली, उचलली, ठेवली… नऊ वेळा. मग काटा बंद केला आणि न जेवता झोपली. महिना संपायला दोन दिवस राहिले होते.

किडे आले, काटा वाचला, सहाही खुर्च्या भरलेल्या राहिल्या. साहेब म्हणाला, "मी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, लाव म्हणून."

ती खाली त्या बायकांकडे गेली. त्यांना कुठे काय ठाऊक! सगळ्यात जुनी होती तिने डोळ्याचं भिंग वर केलं आणि फणकारली, "मॅडम, हे ध्यान कोणी शोधून आणलं हो? ह्याच्यावरचा ठिपका दिसतच नाही, पहिला पाय कुठला ते कळत नाही, डोळे फुटायची वेळ आली आमच्यावर. तो जुनाच मागवा की!" बाकीच्या पाचजणींनी जोरजोरात माना हलवल्या.

सून म्हणाली, "बरं. विचारून बघते."