मस्कतला न पोचलेलं लग्न

जुन्नरच्या एसटीत माझ्या पुढच्या बाकावर बोरीच्या काकू आणि पुण्यात कॉम्प्युटरचं काम करणारा त्यांचा पुतण्या बसले होते.

“रुपेश, आमची पोरगी साक्षी मस्कतवरनं रोज फोन करती. भावाच्या लग्नाला यायला जमलं न्हाई, आन् शूटिंग बी अजून दिसंना तिला.”

“काकू, शूटिंगची फाइल ठेवलीय अमेरिकेतल्या कॉम्प्युटरवर. आपल्या वेबसाइटचा सर्व्हर, म्हंजी मधला कॉम्प्युटर, ती आधी आख्खी आणतो, मग साक्षीकडं धाडतो. तवर तिकडं काहीच पोचत नाय, म्हणून मिनिटभरात लाईन तुटते. मी तीनदा थांबायचा टाईम वाढवून बघितला, तरी तेच.”

“आरं, उसाला पाणी देताना आमी आधी हौद भरत बसतो व्हय? मोटर चालू केली, की येईल तसं सरीत सोडायचं.”

“येईल तसं पुढं सोडायचं... काकू, हे मला कसं सुचलं नाय?”

“रानात पाण्याची दारं धरली असती, तर सुचलं असतं.”

“घरी गेलो की करतो. पार शेवटपर्यंत दिसंल तिला.”

“शेवटपर्यंत?”

“हां.”

“मग आधी शेवटचं तेवढं कापून टाक.”

“का? काय हाये त्यात?”

“घरच्यांच्या फोटोला समदी उभी राहिली, आन् मला रडू फुटलं. साक्षीला सांगितलंय मी, तुझी आठवण काढायला बी सवड न्हाई झाली म्हणून.”