हौसाक्काच्या भिंतीतला कोनाडा

मी कोल्हापूरचाच. बाप गवंडी, आजाबी गवंडी. आजानं ख्रिस्ती धर्म घेतला पर थापी काय सोडली न्हाय. मी चौथीपतूर शाळेत गेलो आन् मग बापाच्या हाताखाली घमेली उचलाय लागलो. काय सांगू तुम्हाला पावणं, ह्या गावात माझ्या हातच्या भिंती किती हायत ते मलाबी ठावं न्हाय. समद्या दुसऱ्याच्या. माझ्या घरात साधा कोनाडा न्हवता.

शांता म्हंजे माझी बायको, चंदगडकडची, बुटकी, माझ्या काखेपतूर यायची. लगीन झाल्यापास्नं तिचं एकच मागणं, चुलीच्या बाजूला भिंतीत एक कोनाडा करा. कशाला गं? तर चष्मा ठेवीन, पवित्र शास्त्र ठेवीन. शास्त्र तिचं पिठाच्या डब्यावर असायचं. मी म्हणायचो करतो की, एवढं काम उरकलं की करतो, आन् काम उरकलं की झोपायचो. पुढं पुढं ती भांडायची थांबली, नुसतं भिंतीकडं बघायची. गेल्या पावसाच्या तोंडाला ताप आला आन् चार दिवसात गेली. तिला माती देताना समदे रडले, मला काय रडू आलं न्हाय. थापी खिळ्याला अडकवली ती अडकवलीच.

मग म्हापूर आला. शिरोळकडची नदीकाठची गावं पाण्यात गेली. पाणी उतरल्यावर आमच्या चर्चची माणसं मदतीला निघाली, तर पाळकसाहेब माझ्या दारात. म्हणले दावीदकाका, चला. मी म्हटलं शांता गेली तवाच माझं घर बसलंय, दुसऱ्याचं काय उभं करू? तर म्हणले गाणी म्हणणारी लई हायत माझ्याकडं, भिंत बांधणारा एक न्हाय.

खोटं कशाला बोलू, गेलो ते चिडूनच गेलो. जयसिंगपूर मागं पडलं तसा वास सुरू झाला, कुजल्या उसाचा आन् गाळाचा. टेम्पोत पोरी गाणी म्हणत हुत्या, त्यांनी ओढण्या नाकाला लावल्या.

आमच्या वाट्याला हौसाक्काचं घर आलं. म्हातारी, एकटी. तिच्या सैपाकघराची मातीची भिंत अख्खी विरघळलेली. दारातच विचारती, कुठलं रं तुमी? म्हटलं, चर्चचं. म्हणती, मग आमचा देव चालंल न्हवं तुमास्नी? म्हटलं आक्का, वीट कुणाचा देव बघत न्हाय. तर म्हणती, मग चुलीच्या बाजूला एक कोनाडा ठेव, देव माझा पाणी आल्यापास्नं पिशवीत बसून हाय.

चुलीच्या बाजूला, अगदी शांताचंच मागणं. आमच्यातल्या एकानं पाळकसाहेबांस्नी हळूच विचारलं, हे चालतंय व्हय आपल्याला? ते म्हणले, मिस्त्री ते हायत, त्यांस्नी इचार. मी म्हटलं, तू विटा आण.

आता रीत अशी हाय बघा, कोनाडा ठेवायचा तर घरच्या बाईला भिंतीपाशी उभं करायचं, हात सरळ पुढं धराय लावायचा, टेकंल तिथं खडूनं खूण करायची. बापानं मला हेच पयलं शिकवलेलं. आन् मी हौसाक्काला बोलवलंच न्हाय. हात आपला चालत हुता. ओळंबा धरला, थर चढवला, कोनाड्याची जागा सोडली, वर फरशी टाकली आन् पुढं गेलो.

दुपारच्याला हौसाक्का बघाय आली. बाई ताडासारखी उंच. कमरंवर हात ठेवून म्हणती, आरं मिस्त्री, ह्यो कोनाडा माझ्यासाठी केलाईस का कोंबडीसाठी?

पोरी फिदीफिदी हसल्या. मी वर बघितलं, खाली बघितलं. उभ्या जन्मात असली चूक केली न्हवती. मग माझ्या ध्यानात आलं, कोनाडा शांताच्या खांद्याला आलता. बरोबर तिच्या खांद्याला, सूतभर इकडं न्हाय का तिकडं न्हाय. तिथंच विटांवर बसलो आन् रडलो, मोठ्यानं, बाईमाणसागत. पोरींस्नी तोंड कुठं करावं कळंना.

हौसाक्कानं तांब्या दिला. कोण गेलं? म्हटलं, बायको. तिची उंची हाय व्हय ही? म्हटलं, व्हय. तिच्या घरात केलतास का कोनाडा? म्हटलं, न्हाय. मग गवंडी म्हणून कशाला मिरवतोस, म्हणली. ती बोलली ते मला बरं वाटलं, खरं सांगतो. समदे आपले धीर धरा, धीर धरा म्हणत हुते.

मी म्हटलं आक्का, फोडतो, वर घेतो. तर म्हणती हात लावू नगंस, देवापुढं वाकायचंच असतंय. तू आधी घरी जाऊन तिचा कर.

घरी आलो तरी आठ-धा दिवस नुसता भिंतीकडं बघत बसलो. आता कुणासाठी करायचा, सांगा की? मग एका सकाळी छन्नी लावली. बघा की, त्यो काय तिथं. चष्मा ठेवलाय, शास्त्र ठेवलंय. मला धड वाचाय येत न्हाय, पर उघडलं की पानातनं अजून पीठ सांडतंय. झाडत न्हाय मी. काढाय-ठेवाय वाकावं लागतंय, कंबर दुखती. दुखू दे.

बसा पावणं, चहा ठेवतो. देव तुमचं बरं करो.