गिरणीवर आलेले पाहुणे

माझं माहेर शिरपूरकडचं, सासर हे अमळनेर, आन लग्न झालं ते गिरणीशीच म्हणा ना, कारण पुढं पिठाची गिरणी आन मागं घर, उठल्यापासून नुसतं धडधड धडधड. काय सांगू तुम्हाला भाऊ, सुरुवातीला मला वाटायचं, मी येडी होते का काय. मग झाली सवय. गिरणी चालू असली का तिथं तोंडानं कोणी बोलतच नाही. बाई डबा ठेवते, चिमूट चोळून दाखवते, म्हणजे बारीक दळा. आमचे हे तिकडून हात करतात, संध्याकाळी न्या. बठ्ठा, सगळाच कारभार हातानं, आन कोणाला त्याचं काही वाटत नाही.

पूजा आमची एकुलती. जन्मापासून ऐकू येत नाही तिला. डॉक्टर झाले, देव झाले, मग जळगावला बहिऱ्या मुलांच्या शाळेत घातली, शिकली, मोठी होऊन घरी आली. घरी आमच्याशी काय बोलेल? जेव, झोप, पाणी, कपडे, एवढ्याच खुणा आम्हाला यायच्या. तिनं काही मोठं सांगायला घेतलं का आम्ही आपली मान हलवायची, हो हो. तिला कळायचं ना ते. अर्ध्यावर सोडून द्यायची आन भांडी घासायला बसायची.

मग तिच्या हातात मोबाइल फोन आला. माय व! पोर अशी बोलायला लागली का पाहतच राहावं. व्हिडिओवर धुळ्याचे, पाचोऱ्याचे, शिरपूरचे, बठ्ठे बहिरे, एकेका चौकटीत एकेक जण, हात नुसते भिरभिर, आन हसू तर काय विचारू नका. पुढं ती स्वतःच व्हिडिओ टाकायला लागली. बँकेच्या नावानं फोनवर फसवतात ते कसं ओळखायचं, बीपीची गोळी का सोडायची नाही, असं काय काय. मला अक्षर कळत नव्हतं, पण दारात उभी राहून पाहायची. ही मन्हीच, माझीच पोर शे का? घरात चूप राहणारी ती हीच?

तर झालं काय, तिला बघायला पाहुणे आले. मुलाच्या मावशीनं व्हिडिओ आधीच पाहिलेला. म्हणे, पोर चांगली शे, पण जगासमोर तोंडं काय वेडीवाकडी करते, भुवया काय उडवते, शोभतं का? अहो, त्यांच्या भाषेत चेहरा पण बोलतो, भुवई उचलली म्हणजे विचारलं, नाही तर नुसतं सांगितलं. हे मला आता माहीत झालं, तेव्हा कोणाला माहीत? ह्यांचं डोकं फिरलं. फोन हिसकावला, गिरणीच्या गल्ल्यात टाकला, वर कुलूप.

पूजा रडली नाही. ओढणीत हात गुंडाळून बसून राहिली. पाणी पाहिजे का विचारलं तरी खूण करीना. मी ह्यांना म्हटलं, अहो, तुम्ही पोरीचं तोंड बांधलं. ते म्हणे, तू चूप बस. मी चूप बसणारी शे का! रोज भांडली. पण दगडावर पाणी. मला भीती वाटायची, ही आता कायमचीच अशी बसते का काय.

असेच काही दिवस गेले आन एका रविवारी गिरणीसमोर रिक्षा भरभरून पूजाच्या फोनमधली ती बहिरी माणसं उतरली. गिरणीची पाटी त्यांनी व्हिडिओत मागं पाहिलेली, तेवढ्यावर शोधत आले, कोणी एसटीनं, कोणी गाडीनं. त्यांच्यात रीतच शे तशी. एखाद्याचा व्हिडिओ येईनासा झाला का नुसता फोन लावून आवाज तर ऐकता येत नाही, मग उठायचं आन घर गाठायचं. धुळ्याचे एक आबा पुढं झाले. गिरणी धडधडतेय, ह्यांना काही ऐकू येत नाही, त्यांना तर कधीच येत नाही. आबांनी हात केला, मुलगी कुठं? ह्यांनी हात केला, घरात. आजारी? नाही, बरी शे. मग दिसत का नाही? आन ह्यांचा हात खालीच राहिला. मी दारातून पाहतेय, काय सांगू, मला बठ्ठं कळत होतं! ना ओळख ना पाळख, दोन म्हातारी माणसं त्या आवाजात निवांत बोलत होती. ह्यांनी गिरणीचा पट्टा बंद केला.

अंगणात ते पूजाभोवती बसले, मी चहा घेऊन गेली तर बठ्ठ्यांनी माझ्याकडं पाहून मनगटानं कपाळ पुसल्यासारखं केलं. मी चरकली, पीठ लागलं का काय तोंडाला? त्यांच्यात पाचोऱ्याची एक शिवणकाम करणारी बाई होती, तिला ऐकू येतं, आईबाप बहिरे म्हणून दोन्ही भाषा येतात. ती म्हणे, अक्का, हे खुणांच्या भाषेतलं तुमचं नाव शे. पूजानं ठेवलेलं. हात पिठाचे असले का तुम्ही असं करता ना, ते. ती तुमच्याबद्दल इतकं बोलते का धुळ्या-जळगावचे आम्ही बठ्ठे तुम्हाला ओळखतो. अहो, ह्या पोरीनं मला दोन जिल्ह्यांत नाव दिलं आन मला पत्ता नाही.

ह्यांनी हे ऐकलं. उठले, गल्ला उघडला, फोन पूजासमोर धरला. ती घेईना. भुवई चढवून तिनं हात केला, का? तेवढं तर मलाही कळलं. मग त्या बठ्ठ्यांसमोर ह्यांनी स्वतःचे दोन्ही कान पकडले. पूजानं झडप घालून त्यांचे हात खाली ओढले आन तेव्हा कुठं पोर रडली.

ते स्थळ गेलं, जाऊ द्या. येईल दुसरं, नाही आलं तर नाही. आता आम्ही दोघं पूजाकडून तिची भाषा शिकतो, जेवायला बसलो का बापलेकीचे हात ताटात कमी आन वर जास्त. दिवसभराचं काय काय सांगत असतात, मधेच मला विचारतात, मी कच्ची शे अजून, चुकते, दोघं हसतात. भाकर गार होते समोर. होऊ द्या गार. मी तवा काही उतरवत नाही. बोल माय, पोटभर बोल.