विस्तव झाकायची रीत

— नाही नाही, बस तिथंच ओर्ला, चिखलाचे बूट राहू देत पायात. चुलीजवळ ऊब नाही मिळायची, तो विजेचा हीटर ओढून घे. काय विचारत होतीस? हां, रात्री विस्तव कसा झाकायचे. सोपं आहे गं. निखारे मधे ओढायचे, वर राख सारायची, मेरीमातेचं नाव घ्यायचं — झालं. सकाळी राख बाजूला केली की खाली लाल. मॅलकीच्या आजीनं लग्नात माहेरच्या चुलीतून आणला होता हा विस्तव, बादलीत घालून — तेव्हापासून विझला नव्हता. मॅलकीच झाकायचा, नवरा माझा. म्हणायचा, अट्रॅक्टा, तुझा हात जड, तू गुदमरवशील त्याला.

आणि तुम्ही ओढ्यापाशी खोदताय ते — हजारो वर्षांपूर्वीचे लोक दगड तापवायचे, पाणी उकळायला त्यात टाकायचे, तडकले की फेकायचे — त्याचाच ना तो काळा ढीग? मॅलकी त्यावर बसून मेंढरं राखायचा. काल म्हणालीस, तिथला शेवटचा जाळ कधीचा तेही कळतं. मग हे कळतं का गं — तो कुणी विझवला, की नुसता राहून गेला? नाही? वाटलंच मला.

आमचा राहून गेला. मार्चमध्ये मॅलकी त्या पलीकडच्या खोलीत, शवपेटीत, नि घर रात्र जागवायला आलेल्या माणसांनी भरलेलं — चहा, सँडविच, जपमाळ, कोपऱ्यात पत्तेसुद्धा. घरात प्रेत असताना राख बाहेर काढत नाहीत आमच्यात, म्हणून चुलीला हात लावायला सगळेच बिचकत होते. मला वाटलं नणंदेनं झाकला, तिला वाटलं मी. त्याला पुरून आलो, राख उकरली — गार. रडू? नाही आलं. आधीही नाही, तेव्हाही नाही. कपबशा विसळायला घेतल्या.

हे तुला का सांगतेय मी — कोलमनलासुद्धा माहीत नाही. मुलगा माझा, बॉस्टनला असतो. दर रविवारी फोनवर विचारतो, विस्तव आहे ना आई? मी म्हणते, आहे. नाताळला येतोय. बाळाला मांडीवर घेऊन बापाच्या विस्तवापुढे बसायचंय म्हणे त्याला.

खिशात काय शोधतेयस? — नको. ठेव ती काडेपेटी. नवा पेटवला तर कोलमनला कळायचं नाही, ठाऊक आहे. मला कळेल ना. — ऊठ, तुझी माणसं हाका मारतायत ओढ्यावरून. चहा राहू दे. आणि दार ओढून घे जाताना, वारा आला की राख उडते त्याची.